घरचं कापड

कापूस फुटून कळसाडीचं शिवार पांढरं झालं होतं आणि वेचायला माणूस नव्हतं. डोंगरातली मजूर मंडळी दिवाळी सरली की पोराबाळांसकट गुजरातेत ऊसतोडीला जातात, ते दरवर्षीचंच. यंदा त्यात आभाळ फिरलं. शनिवारी पाऊस येणार असं मोबाइलवर रोज येत होतं, आणि भिजलेल्या कापसाकडे व्यापारी ढुंकूनही बघत नाही. म्हणून गिरधर पाटलांच्या घरातली सगळी माणसं, ज्यांनी वर्षानुवर्षं नुसतं बांधावर उभं राहून हाका मारल्या होत्या तीसुद्धा, कमरेला ओटी बांधून सरीत उतरली होती. सगळ्यांच्या पुढे पाटलीणबाई, कौसाबाई. पंचावन्न वर्षांची बाई, पण वेचायला लागली की तरण्या पोरींना मागं टाकायची, आणि टाकल्यावर मागं वळून त्यांना ते सांगायचीसुद्धा.

आज मात्र तिच्या ओटीत कापूस कमी आणि पाचोळा जास्त येत होता. बोंडांच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा फाटल्या होत्या, बोटं चुरचुरत होती, आणि तिचं लक्ष घराकडे होतं.

"वैनी, जीव घरमाच ठी उनी का काय?" तिची विधवा नणंद तापीबाई शेजारच्या सरीतून म्हणाली.

कौसाबाईनं ओटीतला पाचोळा निवडून फेकला. घरी सून ममता, मुलगा ललितची बायको, पाच दिवसांचं पोर घेऊन झोपली होती. दोन वर्षांपूर्वी ममताचं पहिलं पोर सातव्या महिन्यातच गेलं. दवाखान्यातल्या बाईनं ते फडक्यात गुंडाळून कौसाबाईच्या हातात दिलं होतं. केवढंसं ते, पण ते वजन तिच्या हातांतून अजून उतरलं नव्हतं. त्यात गावात कुजबुज झाली की पाटलीणबाईनं पोटुशी सून निंदणीला नेली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण गिरधर पाटलांनी आठ दिवस तिच्या हातचा चहा घेतला नव्हता. तेवढं पुरे होतं.

म्हणून या खेपेला तिनं काही म्हणून राहू दिलं नव्हतं. पाटलांच्या घरात तान्ह्या पोराला नवं कापड घालत नाहीत. घरात जो सर्वांत जास्त जगला, त्याच्या अंगावरचं जुनं कापड पोराला गुंडाळतात, म्हणजे त्याचं आयुष्य पोराला लागतं. गिरधर पाटलांचे वडील, झिपरू आबा, त्र्याण्णव वर्षं जगले. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी हरभऱ्याचे घाटे दातांनी फोडले. त्यांचं धोतर पत्र्याच्या पेटीत जपलेलं होतं. ममताला दिवस गेले तसं कौसाबाईनं पेटी उघडली, कसर लागू नये म्हणून डांबर गोळ्यांची अख्खी पुडी आत ओतली आणि झाकण लावलं. हात लागलाच होता तर घरातल्या दुसऱ्या पेट्या, कपाटं, गोधड्यांची चळत, सगळीकडे गोळ्या टाकल्या. कौसाबाईच्या घरात कसर लागलेलं कापड कुणी दाखवून द्यावं. तो वास आला की तिला घर स्वच्छ वाटायचं.

दिवस कलता कलता ती घरी आली. पाय धुतले नाहीत तोच ममतानं आतून हाक मारली.

"आत्याबाई, याना डोया देखा. पिवया दिसी ऱ्हायनात."

खिडकीपाशी नेऊन कौसाबाईनं पोराच्या पापण्या वर केल्या. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचा हात लागल्यासारखा झाला होता. तिनं परत एकदा पापणी वर करून पाहिली. पण सासूनं सुनेपुढं घाबरायचं नसतं, असं तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं.

"समदा पोऱ्या चौथा-पाचवा दिनले पिवया व्हतस. ललित तं हयद लायेल सारखा व्हता. सकायना उनमा धरसूत, उतरी जाई."

"पन तो रडस नही."

"रडस नही तं चांगलंच शे. शहाणा शे मन्हा नातू."

असं म्हणून तिनं धोतराची घडी आणखी एकदा पोराभोवती फिरवली. थंडी पडायला लागली होती.

सकाळी अंगणात कोवळ्या उन्हात तिनं पोराला मांडीवर घेतलं. नुसतं तोंड उघडं ठेवलं, बाकी सगळं आबांच्या धोतरात. पोर झोपलं होतं. ममतानं छातीशी लावलं तरी त्यानं तोंड उघडलं नाही. गालाला बोट लावलं, तळव्याला टिचकी मारली. ते नुसतं कुरकुरलं आणि पुन्हा निपचित पडलं. मग ममतानं लंगोट काढून सासूपुढे धरला. त्यावर काळ्या चहासारखा डाग होता.

"रातले बी असंच व्हतं," ती म्हणाली. तिनं लंगोटाची घडी घातली. "मी तुम्हले उठाडं नही."

कौसाबाईनं डाग पाहिला आणि मांडीवरचं पोर तिला एकदम हलकं लागलं. ते हलकं लागणं तिच्या ओळखीचं होतं.

गिरधर पाटील ओटा उतरत होते. हातात कापसाची पोती. "वावरमा जानं नही का आज?"

"गाडी काढा," कौसाबाई म्हणाली. "पोऱ्याले दवाखानामा लई जानं शे."

"परोनदिन पानी येवाव शे, आन तू..."

"कापूस ऱ्हाऊ द्या."

लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्यात तिनं नवऱ्याला असं तोडून म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. पाटलांनी पोती तिथंच टाकली आणि ललितला हाक मारली.

तालुक्याला लहान मुलांचा खाजगी दवाखाना आहे, दोन मजली, पुढे काच लावलेला. बाहेर पायताणांचा ढीग आणि आत खुर्च्यांवर मांडीला मांडी लावून बसलेल्या आया. डॉक्टर तरुण, पण सकाळपासून शंभर पोरं तपासून डोळे तांबारलेले. त्यांनी पोराला पाहिलं, टाचेतून रक्त घेतलं, आणि थोड्या वेळानं सांगितलं की कावीळ वीसवर गेली आहे, दाखल करावं लागेल.

"आईचा रक्तगट 'ओ', बाळाचा 'बी'. जुळत नाहीत, त्यामुळे होतं असं. निळ्या लाइटखाली ठेवू. दोन-तीन दिवसांत उतरेल."

उतरेल, हा शब्द कौसाबाईनं धरून ठेवला.

वरच्या मजल्यावर काचेची खोली होती. तिथली नर्स पस्तिशीची, ठेंगणी, सावळी, आणि कमी बोलणारी. तिनं पोराला उघडं केलं, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि निळ्या उजेडाखाली ठेवलं. मग पोराच्या अंगावरचे सगळे कपडे एका पिशवीत घालून तिनं कौसाबाईच्या हातात दिले.

"आजी, घरचे कपडे इथे चालत नाहीत. दर दोन तासांनी बाळाला पाजायला आईकडे देऊ, तेव्हा हे गुंडाळायचं. उकळून घेतलेलं आहे."

ते हिरवं, विरलेलं फडकं कौसाबाईनं दोन बोटांत धरलं. त्यात कोणाकोणाची पोरं गुंडाळली असतील, आणि त्यातली किती घरी गेली असतील, कोण जाणे.

"तुम्ही कोठेना, सिस्टर?"

"नवापूरकडची."

"आडनाव?"

"गावित. प्रिस्किला गावित." नर्सनं तिच्याकडे न बघता सांगितलं. हा प्रश्न तिला पहिल्यांदा आलेला नव्हता.

म्हणजे डोंगरातली, वर ख्रिस्ती. हिचा कोणी काका-मामा आपल्याच वावरात कापूस वेचून गेला असेल, बांधाखाली बसून आपल्याच घरची भाकर खाल्ली असेल, असं कौसाबाईच्या मनात आलं. वाईट म्हणून नाही आलं, सवयीनं आलं. आणि असल्या बाईनं झिपरू आबांचं धोतर पिशवीत कोंबून परत द्यावं, हे तिला लागलं. आबांचं आयुष्य पोराच्या अंगावरून काढून घेतल्यासारखं लागलं.

संध्याकाळी डब्याच्या पिशवीत तळाशी धोतर घालून ती आयांच्या खोलीत गेली. "पाजताना येमा गुंडायत जाय," ती ममताला हळूच म्हणाली. "आबानं शे. त्या बाईले दखाडू नको."

ममता जरा थांबली. पण टाके दुखत होते, डोळ्यांत झोप होती, आणि सासूचा शब्द होता. तिनं धोतर उशीखाली घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा सोळावर आला. गिरधर पाटील लगेच वावरात गेले, ललितही गेला. पाऊस एका दिवसावर होता. कौसाबाई जिन्यापाशी बाकड्यावर बसून राहिली. काचेतून तिला निळा उजेड दिसायचा आणि त्यात उघडं पोर, बेडकाच्या पिल्लासारखं हातपाय पसरलेलं. प्रिस्किला सिस्टर तिथून हलायची नाही. इतर पोरांचं सगळं करायची, पण येता-जाता या पोरापाशी थांबायची. एकदा तिनं त्याच्या ओठांवर बोट दाबलं आणि उचललं. एकदा लंगोट खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला. एकदा पाजून आलेल्या पोराला हातात घेतलं आणि त्याच्या डोक्याशी नाक नेलं. मग केस पेपरवर काही लिहिलं.

ती जितकी थांबायची, तितकी कौसाबाई बाकड्यावर पुढे सरकायची. चांगलं असतं तर ही बाई एवढी थांबली असती का?

पाचच्या सुमाराला परत रक्त घेतलं. त्याच वेळी गिरधर पाटील आणि ललित वावरातून थेट आले, डोक्याला कापसाचे धागे चिकटलेले. तेवढ्यात आयांच्या खोलीतून सिस्टर बाहेर आली. तिच्या हातात धोतर होतं.

"हे कुणी आणलं?"

"मन्हा बापनं धोतर शे ते," पाटील म्हणाले. त्यांना ते तिच्या हातात बघून आवडलं नाही. "आम्हना घरना रिवाज शे."

"रिवाजाबद्दल नाही म्हणत मी, काका." ती कौसाबाईकडे वळली. "आजी, हे कशात ठेवलेलं होतं? पेटीत? डांबर गोळ्या घातल्या होत्या का त्यात?"

प्रश्न साधा होता. कौसाबाईला त्याचं उत्तर पुरं ठाऊक होतं. पण सिस्टरचा चेहरा बघून तिला कळलं की हा पेटीचा प्रश्न नाही. त्या गोळ्यांनीच काहीतरी झालं आहे, आणि गोळ्या तिनं टाकल्या होत्या. पहिलं पोर निंदणीला नेऊन घालवलं, दुसरं हातानं गुंडाळून. गिरधर पाटील अगदी शेजारी उभे होते, त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"नही," ती म्हणाली. "धुई-वाळाडी ठेयेल शे. गोया-बिया काही नही."

"नक्की?"

"एकदाव सांगं ना तिनी," पाटील म्हणाले.

सिस्टरनं कौसाबाईकडे पाहिलं. रागानं नाही. "बरं," असं म्हणून तिनं धोतर प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, गाठ मारली आणि पिशवी ललितच्या हातात देऊन ती गाडीत, बंद करून ठेवायला सांगितली. मग कोपरापर्यंत हात धुतले. पोराला कोमट पाण्यानं डोक्यापासून पायापर्यंत पुसून काढलं. ममताची शाल, तिची साडी, उशीवरचं घरचं फडकं, सगळं काढायला लावलं आणि तिला दवाखान्याचा झगा दिला. पाटलांची सून हिरव्या झग्यात बाकड्यावर बसली आणि खाली बघत राहिली. पाटलांनी तोंड फिरवलं.

डॉक्टर कागद हातात घेऊनच वर आले. आकडा एकवीस झाला होता.

"मी सुरतला पाठवतो," ते म्हणाले. "मोठं हॉस्पिटल आहे, रक्त बदलायची सोय आहे. चार तासांत पोचाल. गाडी आहे ना?"

ललित गाडीची किल्ली शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती.

"सर," सिस्टर म्हणाली. "पाठवायच्या आधी हिमोग्लोबिन बघू या. पहिल्या दिवशी पंधरा होतं. ओठ पांढरे पडलेत. लघवी काळी होतेय."

"रक्तगट जुळत नाही, म्हणून रक्तपेशी फुटतायत. त्यातलंच आहे ते."

"रक्तगटानं झालं असतं तर जन्माच्या दुसऱ्या दिवसापासूनच पिवळं झालं असतं. हे घरी गेल्यावर झालं. आणि लाइटखाली असून आकडा चढतोय. घरी काहीतरी लागतंय त्याला, सर. मला डांबर गोळीचा वास आला. कपड्यांनाही, केसांनाही."

"विचारलंस?"

"विचारलं. नाही म्हणतात."

"मग?"

"मग मी सगळं काढून टाकलंय. बाळाचं रक्त इतकं कमी असलं आणि अर्ध्या वाटेत काही झालं, तर गाडीत काय करतील हे लोक? आधी रक्त बघू, रक्त चढवू. दोन बाजूंनी लाइट लावू. चार तासांनी परत तपासू. आणि रक्त चढवायच्या आधी थोडं काढून रक्तपेशींच्या दोषाची ती जी-सिक्स-पीडी तपासणी पाठवू या."

"तू डाक्टर शे का वं?" गिरधर पाटील म्हणाले. सिस्टरला अरे-तुरे करताना त्यांना काही वेगळं वाटलं नाही. "डाक्टर म्हनी ऱ्हायना सुरत लई जा, आन तू मझार बोली ऱ्हायनी. पोऱ्याले काही व्हयनं तं?"

सिस्टरचे कान तापून लाल झालेले कौसाबाईला दिसले. "नाही काका, डॉक्टर नाही मी," ती म्हणाली. "सर ठरवतील. मला जे दिसतंय ते सांगणं माझं काम आहे."

डॉक्टर पोराकडे वळले. मग त्यांनी त्याच्या ओठांवर बोट दाबलं आणि उचललं, सकाळी सिस्टरनं केलं होतं तसंच. "हिमोग्लोबिन घ्या," ते म्हणाले.

हिमोग्लोबिन साडेसात निघालं. ललित रक्ताची पिशवी आणायला नंदुरबारला पळाला.

आता खरं सांगायचं तर कौसाबाईला त्या वेळी बोलता आलं असतं. सिस्टर दोनदा तिच्या अगदी पुढून गेली. तोंड उघडायचं आणि एक वाक्य म्हणायचं, एवढंच होतं. पण दोन्ही वेळा तिनं नुसता पदर सारखा केला. धोतर तर काढलंच ना, मग सांगून काय वेगळं होणार, असं ती स्वतःला समजावत होती आणि त्यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. ललित आला, पिशवी टांगली गेली, पोराच्या चिमटीएवढ्या हातात थेंब थेंब रक्त जायला लागलं, आणि ती बाकड्याखाली पाय घेऊन बसून राहिली. देवाचं नाव घ्यायचंही तिला धाडस होईना. ज्या तोंडानं खोटं बोललं त्याच तोंडानं कसं घ्यावं?

पहाटे पाऊस आला. सकाळी आकडा सतरा होता.

दुपारी पंधरा. दुसऱ्या दिवशी बारा. वावरातला राहिलेला कापूस भिजून लोंबत होता, आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी पोर रडलं. काचेतून त्याचं नुसतं उघडं तोंड दिसलं, मग दार उघडलं तसा आवाज आला, आणि ममता बाकड्यावरून उठली ती टाक्यांवर हात दाबत धावलीच. कौसाबाईही उठली, पण दाराशी थांबली. आत जायचा तिला धीर झाला नाही.

सहाव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. गिरधर पाटील धुतलेले कपडे घालून आले, डॉक्टरांसाठी शाल, नारळ आणि पेढ्यांची पेटी घेऊन. सगळे डॉक्टरांच्या खोलीत बसले. ममताच्या मांडीवर पोर, दवाखान्याच्या हिरव्या फडक्यात. प्रिस्किला सिस्टर कपाटाशी उभी राहून औषधं पिशवीत भरत होती.

"तपासणीचा कागद आला," डॉक्टर म्हणाले. "रक्ताच्या पेशींना जपणारं एक द्रव्य असतं, ते याच्यात जन्मतःच कमी आहे. एरवी काही त्रास नाही. पण काही औषधं, डांबर गोळ्या, असलं काही लागलं की रक्त फुटतं. सिस्टरला गोळ्यांचा संशय होता, पण तुम्ही वापरत नाही म्हणालात. कधी कधी कारण सापडत नाही. हा दोष आईकडून मुलाकडे येतो."

गिरधर पाटलांनी सुनेकडे पाहिलं. "म्हनजे माहेरथीन उनं."

ममतानं मान वर केली नाही. पहिल्या पोराच्या वेळी जशी बसली होती तशीच बसली, खांदे आत घेऊन. ललितनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बापाकडे बघून मिटलं.

कौसाबाईच्या कमरेचा मोबाइल वाजला. तापीबाई मोठ्यानं बोलायची, सगळ्यांना ऐकू आलं. "वैनी, कवय निंघतस? थंडी शे म्हनीसन पेटीमातल्या समद्या गोधड्या काढ्यात मी. पोऱ्यानी खाट तयार करी ठेयी शे. खोलीना दार लाई ठेयं, हवा येवाव नही."

तिनं फोन कानापासून काढला. तो मांडीवर ठेवला. खाट, गोधड्या, बंद खोली. हिरव्या फडक्यातून पोराचा एक हात बाहेर आला होता, त्यावर सुईचा निळा डाग. दोन तासांत ते त्या खोलीत असेल. भीतीनं तिला पाच दिवस गप्प बसवलं होतं, आणि आता तिच्याहून मोठी भीती समोर उभी राहिली.

"डाक्टरसाहेब," ती म्हणाली, "मी खोटं बोलनू."

कुणाला काही कळलं नाही.

"गोया व्हत्यात. पुरी पुडी टाकेल व्हती मी त्या पेटीमा. समदं घरमा टाकेल शेत. आते तापीबाई ज्या गोधड्या हातरी ऱ्हायनी ना, त्यामा बी शेत." ती थांबली नाही. "धोतर मीच लपाडी लयनू. ममताले नही माहीत गोयास्नं. हाई बाईनी मले समोर इचारं, आन मी नही म्हनं. तिनी मन्हं आयकं नही, म्हनीसन पोऱ्या वाचना. आयकतं तं मराव व्हता."

गिरधर पाटलांचा हात शालीच्या घडीवर होता, तो तिथंच राहिला.

डॉक्टरांनी फाइल ओढून घेतली आणि पानं मागं उलटली. एका ठिकाणी बोट थांबलं. ते हळू आवाजात वाचायला लागले. "संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. कपड्यांना व केसांना डांबर गोळीचा वास. आजी नाही म्हणतात. तरी घरचे सर्व कपडे काढले, बाळ पुसले, सरांना कळवले." त्यांनी फाइल मिटली नाही. "खाली माझी सही आहे. मी न वाचताच केली होती. मी तर बाळ सुरतला पाठवत होतो, सिस्टर."

सिस्टरनं औषधांची पिशवी टेबलावर ठेवली आणि स्टूल ओढून कौसाबाईपुढे बसली. खिशातून पेन काढलं. "आजी, आता नीट सांगा. घरात कुठं कुठं आहेत गोळ्या?"

कौसाबाईनं सांगितलं. मधल्या घरातल्या दोन पेट्या. ममताचं कपाट. गोधड्यांची चळत. माळ्यावरची लग्नातली भांडी गुंडाळलेली फडकी. सिस्टर एकेक लिहीत गेली. मध्ये एकदाच तिनं वर पाहून विचारलं, "मोरीत?" आणि कौसाबाईनं मान हलवली, मोरीतही.

"तुम्हले कसं समजनं, मी खोटं बोली ऱ्हायनू?"

"नाही समजलं मला," सिस्टर म्हणाली. "तुम्ही खरं बोलत असता तरी मी कापड काढलंच असतं. वास येत होता आणि बाळ पांढरं पडत होतं."

कौसाबाईला रडू आलं. इतके दिवस ते कुठं होतं कोण जाणे.

गिरधर पाटलांनी घसा साफ केला. ती आता काय ऐकावं लागतंय म्हणून अंग चोरून बसली, पण ते तिच्याशी बोलले नाहीत. ते सिस्टरकडे बघत होते, आणि काय म्हणून हाक मारावी ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी म्हणाले, "ताई, आते काय करानं, ते तुम्ही सांगा."

"सगळ्या गोळ्या बाहेर. कापडं गरम पाण्यात धुवायची, कडक उन्हात टाकायची. दारं-खिडक्या उघड्या. ज्या कापडाला वास राहील ते बाळाजवळ आणायचं नाही, मग ते कुणाचंही असो. दोन दिवसांनी मला फोन करा."

"हाव," पाटील म्हणाले.

तेव्हा ममता पहिल्यांदा बोलली. सासऱ्यांपुढं ती कधी बोलायची नाही. "मी आज घर येत नही," ती म्हणाली. "घर साफ व्हवालोंग मी आठेच दवाखानामा ऱ्हासू, सिस्टरजोडे. सिस्टर घर येईसन देखतीन आन हाव म्हनतीन, तवय येसू."

कौसाबाईनं पोराला घेण्यासाठी नकळत हात पुढे केले होते. ममतानं ते पाहिलं. तिनं पोराला उचललं आणि सिस्टरच्या हातात दिलं. त्यात राग नव्हता असं नाही. कौसाबाईनं हात मागं घेतले. ही तिच्या खोट्याची शिक्षा होती, आणि ती कमीच होती, हेही तिला कळत होतं.

सिस्टरनं पोराचं डोकं कोपराच्या बेचक्यात धरलं. पोर जागं होतं, छताकडे बघत होतं.

कौसाबाई उठली. पदर कमरेला खोचला. दिवस मावळायच्या आत सगळ्या पेट्या आणि गोधड्या अंगणात काढायच्या होत्या, आणि त्या कुणाला हात लावू न देता तिला एकटीलाच उपसायच्या होत्या. ललितच्या आधी ती जिना उतरली.